कारभारी, मालक नव्हे

'कारभारी' हा शब्द आपण मराठी पवित्र शास्त्रात वाचतो. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस': 'ओइकोस' म्हणजे घर, 'नेमेइन' म्हणजे वाटून देणे, व्यवस्था पाहणे. घर धन्याचे, किल्ल्या आपल्या हाती.

इतिहास पाहा. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहाकडून 'वकील-इ-मुतलक' हे पद घेतले ते पेशव्यांच्या नावे. स्वतः नायब राहिले. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला तळ दिला आणि त्या लष्कराचेच शहर झाले. तंबू गेले, वाडे आले. तरी 'शिंदे की छावनी' हे नाव छावणीचेच राहिले.

आपलाही मुक्काम छावणीतलाच. पैसा, वेळ, मुले, सारे सोपवलेले. पौल कारभाऱ्याकडून एकच गोष्ट मागतो: विश्वासूपणा (१ करिंथ ४:२). म्हणून दान देताना 'किती देऊ?' याआधी 'हे कोणाचे?' असे आपण स्वतःला विचारू या.