होडीचं मशीन तापतंय? आधी पाण्याची धार बघा

मालवण तालुक्यात मासेमारीच्या होड्या आणि पर्यटकांच्या फेऱ्या, दोन्हीकडे आता आउटबोर्ड मशीन दिसतं. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे वाळूचे पट्टे आहेत. ओहोटीला पाणी उथळ झालं की मशीन पाण्याबरोबर वाळू आणि गाळही ओढतं. खाडीच्या मुखाशी मशीन बंद पडलं तर होडी लाटांना आडवी होते, आणि मग प्रश्न मशीनचा राहत नाही, माणसांचा होतो. म्हणून ही माहिती.

मशीन थंड कसं राहतं?

आउटबोर्ड बाहेरच्याच पाण्याने थंड होतं. खालच्या भागाला जाळी असते, तिथून पाणी आत येतं. इंपेलर म्हणजे रबरी पात्यांचा पंप ते वर ढकलतो. पाणी मशीनमध्ये फिरून बाहेर पडतं. त्यातलं थोडं मागच्या भोकातून धारेने उडताना दिसतं. ही धार जोरात असेल तर पंप चालू आहे असं समजा.

पाण्यात असताना धार थांबली किंवा बझर वाजला तर

1. वेग कमी करा, न्यूट्रल करा, नांगर टाका, मगच मशीन बंद करा. लाटा फुटतात तिथे किंवा खडकाजवळ असाल तर आधी हळू वेगाने सुरक्षित पाण्यात या. मशीनपेक्षा माणसं मोठी.
2. मशीन वर उचला आणि जाळी बघा. प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा शेवाळ अडकलं असेल तर काढा.
3. धारेच्या भोकात बारीक तार घाला. कधी कधी फक्त तेवढंच तुंबलेलं असतं.
4. तापलेल्या मशीनवर वरून गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आपोआप निवू द्या.
5. परत चालू केल्यावर धार आली नाही तर लगेच बंद करा आणि मदत मागवा. तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093.

किनाऱ्यावर आल्यावर काय तपासायचं?

इंपेलर : पाती वाकडी, चिरलेली किंवा कडक झाली असतील तर बदला. पात्याचा तुकडा तुटला असेल तर तो शोधून काढा, नाहीतर पुढे पाण्याच्या वाटेत अडकतो.

थर्मोस्टॅट : धार चांगली आहे, तरी मशीन तापतं, तेव्हा इथे संशय घ्या. हा साधारण 50 ते 60 अंशांना उघडतो. काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाका. उघडला नाही तर खराब.

मिठाचे थर : खारं पाणी आत सुकलं की मीठ बसतं आणि पाण्याची वाट अरुंद होते.

मशीनची उंची : मशीन जास्त वर बसवलं असेल तर जाळी पाण्याबरोबर हवा ओढते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी.

ऑइल : टू-स्ट्रोकला ऑइल कमी पडलं तरी मशीन तापतं. 50 ला 1 असं प्रमाण असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल. आपल्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघून घ्या.

रोजची सवय

खाऱ्या पाण्यातून आल्यावर 10 ते 15 मिनिटं गोड्या पाण्याने धुवा. पाणी आधी सोडा, मशीन नंतर चालू करा. सुकं मशीन चालवलं तर इंपेलर थोड्याच वेळात जळतो. धुताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, पोरांना पंख्यापासून लांब ठेवा.

यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जूनला लागते, तेव्हा मशीन तसंच पडून राहतं. ठेवण्याआधी धुवा. पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी इंपेलर उघडून बघा. इंपेलरचा खर्च थोडा असतो. हेड गॅस्केट गेलं किंवा पिस्टन जाम झाला तर सगळा हंगाम त्यातच जातो.