पावसाचा खाडा

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगाराचा खाडा पावसाने पडला की आळसाने, याची चौकशी हजेरी मांडणारा कारकून करत नसे. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. काही गिरण्यांत तर ‘डबल खाडा’ चाले. एक दिवस चुकला की दोन दिवसांचे पैसे कापायचे. उशिरा येणाऱ्याला दंड वेगळाच. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने अशा कपातींची दखल घेतली, १९३१ च्या अहवालात त्यांना कायद्याने आळा घालण्याची शिफारस केली, आणि १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यावर जाऊ नये आणि गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच असावी, असे त्यात ठरले. डबल खाड्याचा आधार गेला. साधा खाडा मात्र राहिला, आणि तो का पडला हे कायदाही विचारत नव्हता.

त्या काळी हे फारसे खटकले नाही. लालबाग, परळ, वरळी, नायगावच्या चाळी गिरण्यांना खेटून होत्या. भोंगा ऐकून निघालेला माणूस गुडघाभर पाण्यातूनही चालत पोचे. शिवाय बदलीवाले होतेच. १९३५ पासून गिरणीमालक संघाने त्यांना कार्डे द्यायला सुरुवात केली. कार्डवाल्याने रोज सकाळी गेटवर यायचे आणि कायम कामगार आला नसेल त्या जागी लागायचे. मुसळधार पावसाच्या सकाळी एकाचा खाडा हीच दुसऱ्याची रोजी. साचे चालू राहत, त्यामुळे मालकाला या प्रश्नात पडण्याचे कारणच नव्हते. नुकसान कामगारांच्या आपापसांतच वाटले जाई.

गोदीत हे जमण्यासारखे नव्हते. धान्य, साखर, सिमेंट उतरवताना सर आली की जहाजाचे हॅच झाकावे लागे आणि टोळीच्या टोळी हात बांधून उभी राही. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली १९५१ मध्ये मुंबईची योजना आली. कामगारांची नोंदणी झाली, गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. नाव नोंदवलेला कामगार हजर राहिला पण त्याच्यासाठी काम निघाले नाही, तर हजेरीचा भत्ता. कामासाठी आला, पण काम सुरूच होऊ शकले नाही किंवा मध्येच थांबले आणि दोन तासांच्या आत त्याला मोकळे केले, तर अर्धी मजुरी. नियमांत तिचे नाव ‘डिसअपॉइंटमेंट मनी’. दोन तासांहून अधिक थांबवून ठेवले तर पूर्ण मजुरी. पावसाच्या दिवसाचा खर्च एकट्या कामगाराच्या माथी नको, हे इतक्या बारकाईने आधी क्वचितच मांडले गेले असेल. तरीही प्रत्येक कलमाची सुरुवात कामगार हजर असण्यापासून होते.

कारखान्यांसाठी हीच गोष्ट १९५३ मध्ये आली. कापड धंद्यातल्या मंदीच्या काळात औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘ले-ऑफ’ची, म्हणजे काम देता येत नाही म्हणून तात्पुरते बसवून ठेवण्याची, भरपाई ठरली: मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी. पन्नासाहून कमी कामगारांच्या कारखान्याला आणि हंगामी धंद्यांना ती लागू नव्हती. वर्षभराची सलग नोकरी न झालेल्यालाही नाही. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नसणे, माल साठून राहणे, यंत्र बिघडणे ही कारणे नावानिशी होती. नैसर्गिक आपत्ती त्यांच्या पंक्तीला बसली ती १९८४ च्या दुरुस्तीने. खरी मेख पुढे आहे: ले-ऑफच्या काळात कामगाराने रोज निदान एकदा ठरल्या वेळी कारखान्यात हजेरी दिली नाही, तर भरपाईचा हक्क जातो. म्हणजे खात्यात पाणी शिरले आणि कामगार गेटवर पोचला, तर निम्मा पगार. पाणी रस्त्यावर असेल आणि तो पोचलाच नाही, तर काहीच नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही हाच सूर होता. मालकाने काम दिले नाही म्हणून दिवस अपुरा भरला, तर रोजंदारीवरच्या माणसाला पूर्ण दिवसाची मजुरी मिळे, पण तो कामावर आलेला असावा लागे.

घर आणि गेट यांमधला रस्ता कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात आला तो अपघातांच्या निमित्ताने. १९५२ च्या जूनमध्ये पोरबंदरजवळच्या मिठागरातून परतणाऱ्या कामगारांची होडी खराब हवामानात खाडीत उलटली आणि काही जण बुडाले. कामावरून घरी जायला खाडीचा मार्गच जवळचा होता. तरीही १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नोकरीची हद्द मिठागराच्या पुढे होडीपर्यंत ताणता येणार नाही, भरपाई नाही. पाचेक वर्षांनी मुंबईच्या बेस्ट बससेवेच्या एका ड्रायव्हरच्या मृत्यूच्या खटल्यात निकाल उलटा लागला. तो काम संपवून बेस्टच्याच बसने घरी निघाला होता, आणि ही प्रवासाची सोय नोकरीचाच भाग आहे, असे बहुमताचे मत पडले. पुढे २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यातच कलम घालण्यात आले: घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरायचा. वाटेत हात मोडला तर कायदा आता सोबत आहे. वाटेत लोकल बंद पडली तर नाही.

सरकारी नोकरांचे तसे नाही. कार्यालयापासून तीन मैलांपलीकडे राहणाऱ्याला आपत्तीने किंवा बंदने वाहतूक कोलमडल्यास विशेष नैमित्तिक रजा देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. कामगार डोंबिवली, विरारला राहायला गेल्यावर हाच प्रश्न गिरणगावाबाहेरच्या प्रत्येक कचेरीत आणि कारखान्यात उभा राहायला हवा होता, पण खासगी नोकरीत तो साहेबाच्या मर्जीवर राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोक लोकलमध्ये, कचेऱ्यांत, पुलांवर अडकले आणि दुसऱ्या दिवशी सरकारने सुट्टी जाहीर केली. २ जुलै २०१९ लाही मुंबईत पावसामुळे सुट्टी दिली गेली. अशी सुट्टी प्रशासनाच्या आदेशाने येते. कामगाराचा हक्क म्हणून ती कुठेच लिहिलेली नाही.

औद्योगिक विवाद कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नैसर्गिक आपत्ती, निम्मी भरपाई आणि हजेरीची अट या तिन्ही गोष्टी तिच्यात जशाच्या तशा आहेत. सुट्टी जाहीर न झालेल्या दिवशी पुरात अडकलेल्या खासगी नोकरदाराचा खाडा रजेच्या खात्यातून वळता होतो, आणि रजा शिल्लक नसेल तर पगारातून.