पन्नास वर्षांनी घर कुठलं?

आपल्या गटाच्या मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली आणि एका मावशींनी विषय काढला. त्यांची दोन्ही मुलं शहरात. सणाला येतात, दोन दिवस राहतात, जातात. मावशी म्हणाल्या, "म्हातारपणी माणूस कुठं असावं गं? जिथं पोरं तिथं, का जिथं आयुष्य गेलं तिथं?" आम्ही सगळ्या गप्प झालो. उत्तर कोणाकडेच नव्हतं. म्हणून आज आम्ही एका जोडप्याची गोष्ट सांगणार आहोत. ती फार जुनी आहे आणि आफ्रिकेतली आहे, पण तिचा शेवटचा धागा आपल्या नाशकापर्यंत येतो.

जोडप्याचं नाव रॉबर्ट आणि मेरी मॉफट. दोघंही 1795 सालचे. रॉबर्ट स्कॉटलंडचा, गरीब घरातला, पेशानं माळी. इंग्लंडमध्ये ज्या रोपवाटिकेत तो कामाला होता, तिच्या मालकाची मुलगी म्हणजे मेरी. लंडन मिशनरी सोसायटीनं रॉबर्टला धर्मप्रचारासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवलं. मेरीच्या आईवडलांची या लग्नाला तयारी नव्हती. मुलगी इतक्या लांब द्यायची, पुन्हा दिसेल न दिसेल! शेवटी ते राजी झाले. मेरी बोटीत बसून केपटाउनला गेली आणि 1819 च्या डिसेंबरात तिथंच दोघांचं लग्न झालं. नवरीच्या माहेरचं एकही माणूस मांडवात नव्हतं.

पुढे बैलगाडीनं आठवडेच्या आठवडे प्रवास करून ते कुरुमान नावाच्या ठिकाणी पोचले. वाळवंटाच्या कडेचा तो मुलूख. तिथं त्स्वाना लोक राहायचे. गुरं पाळणारे लोक. शेती बायकांकडे आणि घरं बांधायचं कामही बायकांकडेच.

मेरीच्या पत्रांवरून आणि घरातल्या कागदपत्रांवरून तिच्या मुलानं 1885 मध्ये आईवडलांचं चरित्र लिहिलं. म्हणून तिचा संसार आज आपल्याला दिसतो. एका पत्रात ती घरच्यांना सांगते की आम्ही आठवड्यातून एकदा तरी घरातली जमीन शेणानं सारवतो. आधी तिला किळस आली होती. मग तिला कळलं की धूळ बसायला आणि पिसवा मरायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मैत्रिणींनो, इंग्लंडात वाढलेली ती बाई हे तिथंच शिकली. शिकवायला गेलेलं माणूस आधी शिकतं, ते असं.

पाण्याचीही गंमत ऐका. कुरुमानला एक मोठा झरा आहे. आजही त्यातून रोज काही कोटी लिटर पाणी येतं. मिशनच्या लोकांनी पाट खणून पाणी आपल्या बागेकडे वळवलं. गावातल्या बायकांनाही शेताला पाणी हवं होतं. त्या वर जाऊन पाट फोडायच्या. रॉबर्ट फावडं घेऊन पुन्हा बांधायचा, त्या पुन्हा फोडायच्या. पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडे काय होतं ते आठवा, म्हणजे दोन्ही बाजू कळतील. त्यात दुष्काळ पडला, तेव्हा या परक्यांमुळेच पाऊस अडलाय असं लोक म्हणू लागले. बरीच वर्षं त्यांचं कोणी ऐकलं नाही. एकही माणूस ख्रिस्ती झालं नव्हतं, तेव्हा एका मैत्रिणीनं पत्रातून विचारलं, काय पाठवू? मेरीनं कळवलं, प्रभुभोजनाची भांडी पाठव, आज नाही तरी एक दिवस लागतील. 1829 मध्ये पहिल्या काही जणांचा बाप्तिस्मा झाला आणि ती भांडी ऐन वेळी येऊन पोचली.

रॉबर्टनं सेत्स्वाना भाषा शिकून सगळं बायबल त्या भाषेत आणलं. 1857 मध्ये ते पुरं छापून झालं. त्या भाषेत त्याआधी छापील पुस्तकं जवळजवळ नव्हतीच. रॉबर्टचं नाव झालं ते या कामामुळे. पण तो लिहीत बसला असताना, किंवा महिनोन्‌महिने दौऱ्यावर असताना, घर, शिवणवर्ग, आजारी माणसं, आलागेला, सगळं मेरीनं पाहिलं. त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

आता लेकरांचं सांगतो. मेरीला दहा मुलं झाली. काही लहानपणीच गेली. मोठ्या मुलींना शिकायला शेकडो मैल दूर ठेवावं लागलं. थोरल्या लेकीचं नावही मेरीच. तिचं लग्न 1845 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनशी झालं. आफ्रिका पालथी घालणारा प्रवासी म्हणून आपण शाळेत ज्याचं नाव वाचलं, तोच हा.

जावई नामवंत मिळाला, पण लेकीच्या नशिबी फरफट आली. 1850 मध्ये लिव्हिंग्स्टननं गरोदर बायकोला आणि लहान मुलांना घेऊन वाळवंट ओलांडलं. परत आल्यावर बाळ जन्मलं आणि दीड महिन्यात गेलं. लेकीच्या तोंडाची एक बाजू लुळी पडली. ती माहेरी, कुरुमानला आली. आईनं तिला सावरलं. काही महिन्यांतच कळलं, लेक पुन्हा गरोदर आहे आणि जावई पुन्हा तिला घेऊन निघालाय. तेव्हा मेरीनं जावयाला खरमरीत पत्र लिहिलं. एक लेकरू गेलं ते पुरं झालं नाही का, दिवस भरत आलेल्या बाईला रानात घेऊन जायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील, असा त्या पत्राचा सूर होता. जावयानं ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवलं आणि तरीही तो निघाला. बाळ वाटेत नदीकाठी जन्मलं. पुढच्या वर्षी त्यानं बायको आणि चार मुलं बोटीनं इंग्लंडला पाठवून दिली.

एक गोष्ट इथं नीट पाहू या. देवाच्या कामासाठी घर सोडायचं, हे स्वतः मेरीनं तरुणपणी केलंच होतं. तिच्या आईनं तेव्हा जे सोसलं, ते आता तिच्या वाट्याला आलं.

1859 मध्ये रॉबर्ट त्रेसष्ट वर्षांचा होता. या वयात माणूस ओसरीवर बसतो. तो मुलगा जॉन आणि सून यांना सोडायला उत्तरेकडे, आजच्या झिम्बाब्वेत गेला. एंडेबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याच्याशी त्याची जुनी दोस्ती होती. त्याच्याकडून परवानगी मिळवून इन्याटी इथं नवं ठाणं उभं केलं. जवळजवळ वर्षभर तो घरी नव्हता. म्हातारी मेरी कुरुमानला वाट पाहत होती.

मग 1862 साल आलं. एप्रिलमध्ये लेक मेरी झांबेझी नदीकाठी तापानं गेली. त्याच वर्षी थोरला मुलगा रॉबर्टही गेला. चार वर्षांनी दुसरी लेक ॲन हिचा नवरा एका स्फोटात मारला गेला आणि ती लहान मुलं घेऊन विधवा झाली. एवढं होऊनही दोघं कुरुमान सोडायला तयार नव्हते.

1870 मध्ये मात्र शरीर थकलं. दोघं पंचाहत्तरीला टेकले होते. मार्चमध्ये रॉबर्टनं सेत्स्वानातून शेवटचं प्रवचन केलं. निघायच्या दिवशी गाडीभोवती माणसांची रीघ लागली. निरोप घेतलेलीच माणसं पुन्हापुन्हा हात धरायला येत होती. गाडी हलली तेव्हा मोठा आकांत झाला. ज्या गावात एके काळी यांचा पाट फोडला जायचा, ते गाव यांच्या जाण्यानं रडत होतं.

जुलैमध्ये ते इंग्लंडला उतरले. धाकटी लेक जेन सोबत होती. पण ज्या देशाला ते घर म्हणत आले, तिथं आता ओळखीचं फार थोडं उरलं होतं. सहा महिन्यांच्या आत, 1871 च्या जानेवारीत मेरी वारली. एक्कावन्न वर्षांचा संसार. रॉबर्ट 1883 पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत कुरुमानविषयीच बोलत राहिला.

आता नाशिकचा धागा. शरणपूर रोड आपल्याला माहीत आहे. तिथं पूर्वी मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली जात, शिकवली जात. लिव्हिंग्स्टननं 1865 मध्ये तिथून काही मुलं आपल्यासोबत नेली, काही मागाहून गेली. 1873 मध्ये तो आफ्रिकेच्या आत वारला. सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं शव दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाहून समुद्रापर्यंत आणलं. त्यांत नाशकात शिकलेला जेकब वेनराइट होता. धन्यासाठी शेवटची प्रार्थना त्यानंच वाचली, झाडावर नाव त्यानंच कोरलं. 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनला दफनविधी झाला. तिथं शवपेटीला मान देणाऱ्यांत जेकब होता आणि शोक करणाऱ्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सासरा रॉबर्ट मॉफट होता. जेकबला त्याच्या आईबापांपासून तोडलं होतं गुलामांच्या व्यापाऱ्यांनी. त्याला विचारून कोणी तोडलं नव्हतं. मॉफट मंडळी आपल्या मर्जीनं गेली होती. हा फरक आम्ही विसरू इच्छित नाही.

आणखी एक कडू गोष्ट. बापानं राजाशी दोस्ती जोडली होती. 1888 मध्ये मुलगा जॉन सरकारी नोकर म्हणून त्या राजाच्या मुलाकडे गेला आणि त्याच्याकडून ब्रिटिशांशी करार करून घेतला. पुढच्या काही वर्षांत गोऱ्यांनी त्या लोकांची जमीन आणि राज्य घेतलं. घरोब्यानं उघडलेल्या दारातून पुढे कोण आत येईल, हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून या जोडप्याला आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांच्या कष्टांना मात्र मान देतो.

मावशींना आम्ही काय सांगावं? मेरी मॉफटची माणसं दोन ठिकाणी होती, म्हणून तिला दोन्हीकडे ताटातूट सोसावी लागली. पण ज्या गावात तिनं पन्नास वर्षं जमीन सारवली, आजारी माणसांच्या उशाशी बसली, ते गाव तिच्या गाडीमागे रडलं. रक्ताची माणसं नशिबानं जवळ असतात किंवा नसतात. शेजारची माणसं आपण रोज थोडी थोडी जोडतो, आपल्या बचतीसारखी.

पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर एक काम करू या. आपल्या गटात एकट्या राहणाऱ्या कोण कोण आहेत, त्यांची नावं काढू आणि आठवड्यातून एकदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसू. मावशी, पहिलं नाव तुमचं. चहा तयार ठेवा. नमस्कार.