कोंबडीचोर कोण?

आपल्याकडे घारीच्या वाट्याला दोन भूमिका आल्यात. आईच्या मायेचा दाखला द्यायचा झाला की आपण तिलाच आकाशात फिरवतो, आणि परसात पिल्लं सोडलेली असली की तिलाच "हाऽऽड हाऽऽड" करत हाकलतो. घार तीच, पिल्लू कुणाचं एवढाच प्रश्न!

अमेरिकेतल्या शिकारी पक्ष्यांना मात्र बराच काळ एकच भूमिका मिळाली, चोराची. खेड्यापाड्यात त्यांना सरसकट 'चिकन हॉक' म्हणत. गंमत अशी की या नावाचा पक्षी पक्षीशास्त्रात नाहीच. कूपर्स हॉक, शार्प-शिन्ड हॉक आणि रेड-टेल्ड हॉक अशा तीन वेगवेगळ्या पक्ष्यांना मिळून लोकांनी हे एक नाव ठेवलं होतं. आणि एकदा नाव ठेवलं की शिक्षा द्यायला कितीसा वेळ लागतो?

१८८५ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदाच केला. शिकारी पक्षी किंवा घुबड मारा आणि सरकारकडून ५० सेंट घेऊन जा. वीझल, मिंक असे छोटे शिकारी प्राणीही त्या यादीत होते. लोक या कायद्याला 'स्कॅल्प ॲक्ट' म्हणत. खेड्यातल्या बंदुका बाहेर निघाल्या नसत्या तरच नवल.

पुढच्या वर्षी सी. हार्ट मेरियम या सरकारी शास्त्रज्ञाने हिशेब मांडला. दीड वर्षात बक्षिसापायी राज्याचे सुमारे ९०,००० डॉलर गेले होते. आणि तेवढ्याच काळात या पक्ष्यांनी पळवल्या असत्या अशा कोंबड्यांची किंमत? १,८७५ डॉलर! शिवाय मेलेल्या पक्ष्यांनी जे उंदीर खाल्ले असते ते आता शेतात मोकाट सुटले, त्याचं नुकसान मेरियमने साडेअडतीस लाख डॉलरच्याही वर नेऊन ठेवलं. हा शेवटचा आकडा जरा सैल आहे हे खरं, एका पक्ष्याची वर्षाची 'कमाई' त्याने अंदाजाने ३० डॉलर धरली होती. पण पहिल्या दोन आकड्यांनीच काम भागलं. १८८७ साली कायदा रद्द झाला.

त्याच खात्यातल्या ए. के. फिशर यांनी पुढे अंदाज बाजूला ठेवले आणि सरळ पक्ष्यांची पोटं उघडून पाहिली. १८९३ च्या त्यांच्या अहवालात रेड-टेल्ड हॉकची ५६२ पोटं आहेत. त्यांतल्या २७८ मध्ये उंदीर निघाले, आणि कोंबड्या व शिकारीचे पक्षी धरून फक्त ५४ मध्ये. याउलट कूपर्स हॉक, म्हणजे आपल्या शिकऱ्याचा जवळचा नातलग, खरोखरच गुन्हेगार निघाला: १३३ पैकी ३४. पण हा झाडीतून सपकन येतो आणि दिसायच्या आत जातो. रेड-टेल्ड बिचारा उघड्यावर खांबावर बसतो, सगळ्यांना दिसतो, म्हणून गोळी त्याला!

हे सगळं मी आमच्या कोकणातल्या काकूंना फोनवर सांगितलं. त्यांच्या परसात कोंबड्या आहेत आणि शिकऱ्याचा त्रासही. त्या म्हणाल्या, "अरे, त्या साहेबाचे उंदीर मी कुठे मोजत बसू? माझं पिल्लू गेलं ते मात्र मी मोजलंय."

याला उत्तर नाही. उंदीर कमी झाल्याचा फायदा गावात वाटला जातो, पिल्लाचा तोटा एकीचाच असतो. मेरियमचा हिशेब राज्यासाठी बरोबर होता, अंगणासाठी अपुरा. पण काकू बंदूक शोधत नाहीत. पिल्लं लहान आहेत तोवर डालग्याखाली, वर जाळी, आणि कोंबड्यांना पटकन दडायला कुंपणाशी दाट झुडपं. बक्षीस देऊन पक्षी मारण्यापेक्षा डालगं कितीतरी स्वस्त पडतं.

अमेरिकेला मात्र एवढ्याने शहाणपण आलं नाही. १९२९ साली पेनसिल्व्हेनियानेच पुन्हा गोशॉक या पक्ष्यावर ५ डॉलरचं बक्षीस लावलं. मंदीच्या दिवसांत ५ डॉलर! एका डोंगराच्या माथ्यावरून दर पानगळीत हजारो शिकारी पक्षी स्थलांतर करत. तिथे लोक बंदुका घेऊन बसत आणि गोशॉक कुठला, दुसरा कुठला हे न बघता पाडत. १९३४ साली न्यूयॉर्कच्या रोझाली एज या बाईंनी तो सुमारे १,४०० एकरांचा डोंगर सरळ भाड्याने घेतला, पुढे विकत घेतला, आणि राखणदार नेमून गोळीबार बंद केला. तोच आजचा हॉक माउंटन. तिथे तेव्हापासून पक्षी मोजतात. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' मध्ये कीटकनाशकांविरुद्ध पुरावा म्हणून तिथल्याच गरुडांच्या नोंदी वापरल्या.

शेवटी १९७२ साली अमेरिकेत शिकारी पक्ष्यांना देशभर कायद्याचं संरक्षण मिळालं. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. म्हणजे शिकऱ्याला हात लावता येत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. उरतं ते डालगंच.

असो. पिल्लं झाकायच्या टोपलीला आम्ही डालगं म्हणतो. तुमच्याकडे काय म्हणतात?