वर्ध्याचा बाजारचौक

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या शहरांचे चौक कोणी मुद्दाम आखलेले नाहीत. आधी वाडा किंवा देऊळ, त्याच्या आश्रयाने पेठ, आणि पेठेच्या वाटा जेथे एकमेकींस मिळतील तेथे चौक, असा हा क्रम असतो. वर्धा शहराचा क्रम नेमका उलटा आहे. नागपूर जिल्ह्याचा विस्तार एका अधिकाऱ्यास आटोपेना, आणि ह्या खोऱ्यातील कापसास तर स्वतंत्र लक्ष हवे होते. म्हणून १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावनजीक कवठा येथे होते. पुढे १८६६ साली लोहमार्गाच्या सोयीने पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर वसविण्यात आले. खेडे मोडले, सरळ व रुंद रस्ते आखले, आणि मग वस्ती बोलावली. येथे रस्ते आधी आले, माणसे मागाहून आली.

ही घाई कशाकरिता झाली हे समजण्यास थोडे दूर पाहिले पाहिजे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या आणि विलायतेची दृष्टी हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. तोपर्यंत ह्या भागाचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून वणजारी लोक थेट मिर्झापुरापर्यंत नेत असत. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली आणि त्या लांबच्या वाटेचे महत्त्व संपले. मध्यप्रांत व वऱ्हाड ह्यांकरिता सरकारने रिव्हेट-कार्नाक नावाचा एक स्वतंत्र कापूस-कमिशनरच नेमला. ज्या पिकाकरिता निराळा अंमलदार नेमला जातो, त्या पिकाच्या शहरात चौकाचा दिनक्रम कोण ठरवीत असेल, हे सांगावयास नको.

हंगाम साधारण दिवाळीस सुरू होई आणि होळीपर्यंत चाले. रात्रभर वाट कापून आलेल्या बंड्या पहाटे रांगेने उभ्या राहत. बैल सोडलेले, धुरी जमिनीस टेकलेल्या, आणि शेतकरी घोंगडी पांघरून आपल्याच कापसाच्या ढिगास टेकलेला. दिवस वर येताच दलाल फिरू लागे. मूठभर कापूस ओढून तो तंतूची लांबी पाही, सरकी दाताखाली धरी, आणि मग खरेदीदाराच्या हाताशी हात मिळवून वर रुमाल टाकी. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ही रीत आपल्याकडील पेठांतून सर्वत्र रूढ होती. भाव ठरे तो दोघांत. ज्याचा माल, तो तिसरा. त्याच्या कानी आकडा येई तो ठरून झाल्यावर. मग तोलणाऱ्याची तोलाई, हमालाची हमाली, अडत्याची अडत, दलालाची दलाली आणि वर धर्मादाय, अशा एकामागून एक कपाती होत. धर्मादायाचा पैसा शेतकऱ्याचा, पुण्य मात्र इतरांच्या नावे जमा!

दुपारी चौकाचे रूप बदले. कचेरीच्या दिवशी पक्षकार, वकील, चपराशी आणि झाडाखाली बसून अर्ज लिहून देणारे अर्जनवीस ह्यांची ये-जा सुरू होई. जिनांचे भोंगे वाजत आणि केसांत रुईचे कण अडकलेल्या मजुरणी घरोघर परतत. मराठीच्या जोडीस मारवाडी, हिंदी आणि उर्दू कानी पडे. १८७४ साली नगरपालिका झाली, तरी १९०१ सालच्या गणतीत शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या आतच होती आणि हिंगणघाटाहून कमीच भरली. आकाराने लहान, परंतु ज्याच्या भावाचा काटा लिव्हरपूलच्या तारेने हलतो, असे हे गाव होते. ज्वारीच्या जमिनीत कापूस पेरणाऱ्यास भाकरी विकत घ्यावी लागते. १८९९-१९०० च्या दुष्काळात ह्या सत्याची फार कडू प्रचीती आली.

ह्या गर्दीकडे पाहणारास चौक सर्वांचा वाटे. परंतु चौकात असणे ही एक गोष्ट आणि चौकावर हक्क असणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. शेतकरी तेथे होता, पण भावात त्याचा शब्द नव्हता. पहाटे रस्ता झाडणारा माणूस सर्वांच्या आधी तेथे असे, पण जवळच्या विहिरीचे पाणी त्यास वर्ज्य होते आणि देवळाची पायरी त्यास बंद होती.

ह्यांपैकी दुसऱ्या बंदीस १९२८ च्या जुलैमध्ये वर्ध्यातच तडा गेला. बजाज घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ जमनालाल बजाज ह्यांनी अस्पृश्य मानलेल्या बंधूंस खुले केले. पुढे त्यांनी आपल्या विहिरीही खुल्या केल्या. त्यांनी हे सनातनी मंडळींचा रोष पत्करून केले, म्हणून त्याचे मोल कमी नाही. तरी इतिहासाच्या अभ्यासकाने एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हक्क म्हणून घेतले होते. वर्ध्यास दार मालकाने उघडले. महाडास लोकांनी स्वतः पाऊल टाकले. पहिल्यात औदार्य आहे, दुसऱ्यात नागरिकत्व आहे.

पहिली बंदी मात्र अधिक चिवट ठरली. वऱ्हाडातील कापूस-बाजारांस १८९७ च्या कायद्याने शिस्त लावण्यात आली होती; पण त्यांच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. १९२८ च्या शेतकी कमिशनने पेठांतील बेहिशेबी कपातींवर बोट ठेवले आणि १९३२ साली मध्यप्रांताकरिताही कापूस-बाजाराचा कायदा झाला. माप तपासले जाऊ लागले, कपातींस मर्यादा आली. परंतु ह्याच सुमारास जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळविले. चौकातील काटा सुधारता येत होता. भाव चौकाच्या बाहेरच ठरत होता.

महाराष्ट्र राज्यात १९७२ साली कापूस-एकाधिकार खरेदी आली आणि काही दशकांनी तीही गेली. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांकरिता विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हा होता. ज्या पिकाकरिता हा जिल्हा निर्माण झाला, त्याच पिकाच्या पायी त्याचे नाव ह्या यादीत यावे, ह्याहून विषण्ण करणारी गोष्ट कोणती? रुमाल केव्हाच गेला. आकडे आता सर्वांस दिसतात. पण आकडा दिसणे म्हणजे तो ठरविण्यात वाटा मिळणे नव्हे. पालकवाडीच्या जागी चौक आखणाऱ्यांनी बंड्यांना वळण्यापुरती रुंदी राखली होती. बंडी हाकणाऱ्याच्या शब्दास त्यांच्या नकाशात जागा नव्हती, आणि ती करून देण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.