अर्धवट फिल्मचं रीळ घरी चालवायचंय? आधी हे तपासा

जुन्या बाजारात कधीकधी फिल्मचं एखादं रीळ मिळतं, पण अख्खा पिक्चर नाही. नुसतं तिसरं रीळ, किंवा शेवट गायब. मी असली रिळं घेतो. पूर्ण प्रिंट जिथे उरलीच नाही तिथे तुकडा म्हणजेच पिक्चर. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं एवढीच रिळं आहेत, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. जर्मन ‘मेट्रोपोलिस’चा हरवलेला जवळपास २५ मिनिटांचा भाग २००८ मध्ये ब्यूनस आयर्समध्ये उजेडात आला, तो ओरखड्यांनी भरलेल्या १६ मिमी कॉपीत. म्हणून हातातलं रीळ थेट प्रोजेक्टरवर चढवू नका.

पहिली गोष्ट रुंदी. ३५ मिमी फिल्म १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ही पेटली की पाण्याखालीही जळत राहते! कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं नाही, तर ती घरात ठेवूच नका, संग्रहालयाशी बोला. घरासाठी १६ मिमी बरी, ती सुरुवातीपासूनच सेफ्टी फिल्मवर निघाली.

आता डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण हा रोग पसरतो. अशी फिल्म आकसते, मग भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि फाटतात. तपासायला नव्या कोऱ्या फिल्मपट्टीला जुनी पट्टी लावून १०० भोकं मोजा. एका भोकाचा फरक म्हणजे १ टक्का आकुंचन. अशी फिल्म मी चालवत नाही, स्कॅनरकडे पाठवतो.

किती भाग हाती आहे हे कसं कळणार? १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम्स, सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे ४०० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. पहिलं रीळ असेल तर नशीब, कारण भारतीय पिक्चरच्या सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. नसेल तर पट्टी फोनच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरून दुसऱ्या फोनने फोटो काढा, चेहरे ओळखू येतात. सुती हातमोजे घाला आणि फिल्म कडेनेच धरा.

तुटलेली टोकं फिल्मच्या टेपनेच जोडायची, साधी सेलोटेप चिकट डाग सोडते. हरवलेल्या जागी मी थोडी कोरी पट्टी लावतो आणि तेवढा वेळ मधली गोष्ट तोंडी सांगतो; पाहुण्यांना तेच जास्त आवडतं, खरं सांगतो. एक गंमत बघा: जोडावर आधी चित्र उडी मारतं, आवाज सेकंदभराने. कारण १६ मिमीवर आवाजाची पट्टी चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेली असते.

पडद्यावरचं फोनमध्ये टिपताना प्रो मोडमध्ये २४ एफपीएस आणि शटर १/४८ किंवा १/५० ठेवा. लुकलुक पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते. मात्र प्रिंट तुमची असली तरी पिक्चरचा हक्क तुमचा होत नाही. भारतात तो प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे यूट्यूबवर टाकण्याआधी पिक्चरचं साल बघा.