व्हिडीओ टायटलरची जोडणी

चित्रफितीवरील दृश्यावर नाव, दिनांक किंवा स्थळ उमटवणाऱ्या उपकरणास व्हिडीओ टायटलर म्हणतात. संकलनाचे काम संगणकावर जाण्यापूर्वी, १९८० व १९९० च्या दशकांत घरगुती समारंभांच्या कॅसेटसाठी त्याचा उपयोग होत असे. त्या काळातील कॅसेट आजही अनेकांच्या कपाटात आहेत. त्यांच्या प्रती काढताना ही जोडणी ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

पाल पद्धतीत एका सेकंदात प्रत्येकी ६२५ रेषांच्या २५ चौकटी असतात. टायटलरची अक्षरे या रेषांशी तंतोतंत जुळली नाहीत, तर ती पडद्यावर स्थिर राहत नाहीत. म्हणून टायटलर येणाऱ्या चित्रसंकेताच्या गतीशी आपली गती जुळवून घेतो. या सोयीस 'जेनलॉक' म्हणतात. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली जुनी कॅसेट ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीची असते. केवळ पाल पद्धतीच्या टायटलरवर ती चालत नाही.

जोडणीचा क्रम असा : मूळ कॅसेट चालवणाऱ्या व्हीसीआरचा 'व्हिडीओ आउट' टायटलरच्या 'व्हिडीओ इन'ला, टायटलरचा 'आउट' मुद्रण करणाऱ्या व्हीसीआरच्या 'इन'ला आणि त्या व्हीसीआरचा 'आउट' टीव्हीला जोडावा. घरगुती टायटलरमधून सहसा केवळ चित्र जाते. त्यामुळे आवाजाची वायर एका व्हीसीआरमधून थेट दुसऱ्यास जोडावी लागते, अन्यथा प्रत मूक निघते. मिक्सर वापरल्यास टायटलर त्याच्यानंतर ठेवावा. मग दृश्य बदलत असतानाही अक्षरे कायम राहतात.

एस-व्हिडीओ केबलमध्ये प्रकाशमान व रंग यांचे संकेत वेगळे वाहतात. परंतु साखळीत एकही साधी कॉम्पोझिट वायर आली, की तो लाभ नाहीसा होतो. वायर ७५ ओहमची असावी. एकच संकेत साध्या जोडवायरने दोन यंत्रांना वाटल्यास चित्र काळवंडते. फीत झिजलेली असेल, तर संकेत डळमळतो आणि अक्षरे थरथरतात. अशा वेळी टायटलरच्या आधी 'टाइम बेस करेक्टर' जोडावा.

व्हीएचएस फितीची आडवी स्पष्टता सुमारे २४० रेषांची असते व प्रत्येक प्रतीगणिक चित्राचा दर्जा घटतो. म्हणून काटछाट आणि अक्षरांकन एकाच मुद्रणात उरकावे. अक्षरे पडद्याच्या मधल्या ८० टक्के भागात ठेवावीत. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर चित्राच्या कडा झाकल्या जातात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, प्रतीवर उमटलेली अक्षरे पुसता येत नाहीत व त्यांच्याखालील चेहरे त्या प्रतीत कायमचे झाकले जातात. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. तेव्हापासून चालू स्थितीतील यंत्रे दुर्मीळ होत आहेत. म्हणून मूळ कॅसेटची मुद्रणरोधक पट्टी आधी तोडावी, टायटलर न जोडता तिची स्वच्छ डिजिटल प्रत करून घ्यावी आणि नावे त्यानंतर संगणकावर, वेगळ्या प्रतीवर घालावीत.